रोजमेरीची एकच बाटली, घरातली चार माणसं

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाळंतपणाला पाच महिने झालेत, केस धुताना हातात पुंजके येतात, म्हणून तुम्ही रोजमेरीचं इसेन्शियल ऑइल मागवलंत. मैत्रीण म्हणते, थेट टाळूवर लाव आणि रात्रभर ठेव. बाटली घरात आलीच आहे तर बाळाच्या सर्दीसाठी ते डिफ्यूझरमध्ये, म्हणजे वास हवेत पसरवणाऱ्या यंत्रात, घालावं का, सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळावं का, त्यांना गॅसेसचा त्रास होतो तर कोमट पाण्यात दोन थेंब द्यावेत का आणि नवऱ्याच्या आखडलेल्या मानेला चालेल का, हे तुम्ही विचारलंय. शेवटी सहज लिहावं तसं लिहिलंय, की सासूबाईंना पूर्वी फिट यायच्या आणि त्याच्या गोळ्या अजून चालू आहेत. तुमच्या अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

माझं मूळ शिक्षण औषधनिर्माणशास्त्राचं. गेली बरीच वर्षं मी इसेन्शियल ऑइलची मिश्रणं बनवते आणि ती कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे ठरवते. या कामात मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘रोजमेरी चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही. कुणाच्या शरीरावर, कुठल्या वाटेनं, किती पातळ करून, एवढं कळलं की उत्तर देता येतं. तुमच्या घरात चार माणसं आहेत आणि चौघांची उत्तरं वेगळी आहेत. बाळाला अजिबात नाही. सासूबाईंना नाही. नवऱ्याला हो, बेतानं. तुम्हाला हो, पण काही अटींवर, आणि केसांच्या बाबतीत फार आशा न ठेवता. आता यामागची कारणं सांगते.

आधी बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. ‘रोजमेरी ऑइल’ या नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे खरं इसेन्शियल ऑइल: रोजमेरीच्या फुलोऱ्यासकटच्या फांद्यांमधून वाफ सोडून, ती वाफ थंड करून वर तरंगणारं तेल वेगळं केलेलं. दुसरी म्हणजे खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलात रोजमेरीची पानं मुरवून केलेलं केसांचं तेल. तिसरी म्हणजे रोजमेरीचं पाणी. याच ऊर्ध्वपातनात तेलाखाली उरणारं सुगंधी पाणी किंवा नुसती पानं उकळून केलेला काढा. मैत्रिणीनं थेट लावलेलं तेल दुसऱ्या प्रकारचं असेल तर तिला काही झालं नसणारच, कारण ते मुळात सौम्य असतं. तुमच्या बाटलीत पहिला प्रकार असेल तर तिचा सल्ला तुम्हाला लागू होत नाही. ओळखायला सोपं आहे. इसेन्शियल ऑइल पाण्यासारखं पातळ असतं, 10 किंवा 15 मिलिलिटरच्या गडद काचेच्या बाटलीत येतं, आणि कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवला तर तेलकट डाग जवळजवळ उरत नाही. डाग तसाच राहिला तर त्यात साधं तेल आहे. मात्र या चाचणीनं शुद्धता कळत नाही. स्वस्त कापूर किंवा निलगिरीचे अंश मिसळलेले असतील तर तेही उडूनच जातात. त्यासाठी लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर हवा, आणि मागितल्यावर विक्रेत्यानं त्या बॅचचा घटकांचा तपासणी अहवाल द्यायला हवा. शास्त्रीय नाव रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस किंवा साल्विया रोझमॅरिनस, दोन्हीपैकी काहीही असलं तरी वनस्पती एकच आहे. 2017 मध्ये तिचं वर्गीकरण बदललं, म्हणून दोन नावं चालतात.

हा अहवाल मी का मागते ते सांगते. रोजमेरीच्या तेलात मुख्य तीन घटक असतात: सिनिओल, कापूर आणि अल्फा-पाइनिन. सिनिओल म्हणजे निलगिरीच्या तेलातला प्रमुख घटक. या तिघांचं प्रमाण झाड कुठे वाढलं यावर खूप बदलतं. युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथात, याचे दोन प्रकार दिलेले आहेत. स्पेनच्या तेलात कापूर 13 ते 21 टक्के असतो. मोरोक्को-ट्युनिशियाच्या तेलात तो 5 ते 15 टक्के असतो, पण सिनिओल 38 ते 55 टक्क्यांपर्यंत जातं. व्हर्बेनोन नावाचा घटक जास्त असलेला आणखी एक प्रकार मिळतो, तो साधारण महाग असतो. वास तिघांचाही ‘रोजमेरीचा’च येतो, पण शरीरावरचा परिणाम सारखा नसतो.

आता जरा हिशोब करू. 10 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण 9 ग्रॅम तेल असतं. स्पेनच्या प्रकारचं असेल तर त्यात सव्वा ते पावणेदोन-दोन ग्रॅम कापूर आहे. लहान मुलांच्या पोटात सुमारे 1 ग्रॅम कापूर गेल्यानं मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. कापूर मज्जासंस्थेवर काम करतो, आणि पोटात गेल्यावर आकडी येऊ शकते, तीही बऱ्याचदा काही मिनिटांतच. म्हणजे तुमच्या ड्रेसिंग टेबलवरची ती बाटली बाळ रांगायला लागल्यावर त्याच्या हाताला लागता कामा नये. झाकण उघडून बाटली तोंडाला लावायला मुलाला फार वेळ लागत नाही. आतली थेंब पाडणारी प्लास्टिकची बूच काढून टाकू नका. ती बसवलेली असेल तर एका दमात सगळं तेल बाहेर येत नाही.

बाळाच्या सर्दीचं उत्तर यातच आलं, तरी थोडं सविस्तर लिहिते, कारण या एका बाबतीत लोक चांगल्या हेतूनं धोका पत्करतात. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांच्या नाका-तोंडाजवळ कापूर किंवा सिनिओल असलेलं काहीही लावलं की स्वरयंत्र आकसू शकतं, श्वास अडकू शकतो. मोठ्या माणसाला जो वास ‘नाक मोकळं झाल्यासारखा’ वाटतो, तोच बाळाच्या श्वासावर असा उलटतो. युरोपियन औषध नियामक संस्थेनं 2011 मध्ये कापूर, सिनिओल यांसारखे घटक असलेल्या सपोझिटरीज, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या गोळ्या, अडीच वर्षांखालच्या मुलांना आणि ज्यांना कधी आकडी आली आहे अशा मुलांना देऊ नयेत असं ठरवलं, ते याच परिणामांमुळे. ती वाट वेगळी असली तरी घटक तेच आहेत आणि बाळाची मज्जासंस्थाही तीच. पाच महिन्यांच्या बाळासाठी डिफ्यूझर नको, उशीवर थेंब नको, छातीला चोळणं नको, कपड्यांच्या कपाटात बोळा ठेवणंही नको. सर्दीसाठी नाकात सलाइनचे थेंब, खोलीत थोडा ओलावा आणि अंगावरचं दूध. श्वास जोरात चालत असेल, दूध ओढताना दम लागत असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता तुमचे केस. आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगते, मग तेलाकडे वळते. बाळंतपणानंतरची ही केसगळती बहुतेक बायकांची आपोआप थांबते. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे एरवी गळून गेले असते असे केसही टाळूत टिकून राहतात. बाळ झाल्यावर ते संप्रेरक झपाट्यानं खाली येतं आणि हे थांबून राहिलेले केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. तिथून गळायला दोन ते चार महिने लागतात. म्हणूनच घरात सगळं सुरळीत सुरू झालेलं असतं आणि तेव्हाच अचानक पुंजके हातात येतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. याचा अर्थ असा, की तुम्ही आज कुठलंही तेल लावायला घेतलंत तरी चार-सहा महिन्यांनी केस बरे दिसतील आणि श्रेय तेलाला जाईल. रोजमेरीनं केस आले असं सांगणाऱ्या ज्या बायका मला भेटतात, त्यांना मी आधी बाळंतपण, मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया कधी झाली ते विचारते. बऱ्याचदा त्या तारखेत निम्मं उत्तर असतं.

तरीही पाच महिन्यांनंतरचं हे गळणं फक्त संप्रेरकांचं आहे असं गृहीत धरू नका. बाळंतपणात रक्त जातं, लोह कमी होतं. काहींना याच काळात थायरॉइडची सूज येते आणि ती केसांतून आणि थकव्यातून पहिल्यांदा जाणवते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) या तीन तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. फेरिटिन तळाला असेल तर टाळूवर काहीही चोळून भागणार नाही. भांगाच्या जागी टाळू रुंद दिसायला लागली असेल, नाण्याएवढे गोल टक्कल पडलेले चट्टे असतील किंवा टाळू लाल होऊन खवले निघत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, कारण तो वेगळा आजार आहे.

रोजमेरी आणि केस यांचा पुरावा काय आहे? लोक ज्या अभ्यासाचा सगळीकडे हवाला देतात, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषी पद्धतीच्या टक्कल पडण्यावर 100 जणांत सहा महिने रोजमेरी तेलाची 2 टक्के मिनॉक्सिडिलशी, म्हणजे केसगळतीवर टाळूला लावायच्या औषधाशी, तुलना केली. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली आणि दोघांत फारसा फरक निघाला नाही. टाळूला खाज मिनॉक्सिडिलच्या गटात जास्त सुटली. ऐकायला फार छान वाटतं. पण या अभ्यासात काहीच औषध नसलेला तिसरा गट नव्हता, आणि 2 टक्के मिनॉक्सिडिल हे पुरुषांसाठी तसं सौम्य प्रमाण आहे. त्यामुळे ‘मिनॉक्सिडिलइतकंच चांगलं’ असं ठामपणे म्हणायला मी तयार नाही. ‘आशा वाटावी असं काहीतरी आहे’ इतपत म्हणेन. शिवाय हा अभ्यास अनुवंशिक टक्कलाचा आहे, बाळंतपणानंतरच्या गळतीचा नाही.

दुसरा अभ्यास मला जास्त शिकवून गेला. 1998 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे चट्ट्यांच्या टक्कलावर, म्हणजे ॲलोपेशिया एरियाटावर, 86 रुग्णांत तो झाला. एका गटाला थाइम, रोजमेरी, लॅव्हेंडर आणि सीडरवुड यांचं मिश्रण जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात घालून दिलं, दुसऱ्याला नुसती ती दोन साधी तेलं. दोघांनीही रोज रात्री निदान दोन मिनिटं टाळूला मालिश केली, सात महिने. मिश्रणाच्या गटात 43 पैकी 19 जणांत सुधारणा दिसली, दुसऱ्या गटात 41 पैकी 6 जणांत. आता त्या मिश्रणाचं प्रमाण पाहा. 23 मिलिलिटर साध्या तेलात चारही इसेन्शियल ऑइलचे मिळून 10 थेंब, आणि त्यात रोजमेरीचे फक्त 3. रोजमेरीचं प्रमाण जेमतेम अर्धा टक्का! ज्या अभ्यासात असा फरक दिसला, त्यातही कुणी तेल थेट ओतलेलं नव्हतं. जास्त घातलं तर जास्त केस येतील ही समजूत कुठल्याच अभ्यासातून आलेली नाही.

रोजमेरीनं टाळूतला रक्तप्रवाह वाढतो असं सांगतात. त्वचेला ऊब आणि हलकी चुणचुण जाणवते, त्यामागे कापूर आहे हे खरं. उंदरांवर केसवाढीचे प्रयोग झाले आहेत, पण 2013 सालचा गाजलेला प्रयोग पानांच्या अर्काचा होता, वाफेनं काढलेल्या तेलाचा नाही. पानांत कार्नोसिक आम्ल आणि रोझमॅरिनिक आम्ल असतं. ती जड द्रव्यं वाफेबरोबर वर येत नाहीत, त्यामुळे इसेन्शियल ऑइलमध्ये ती सापडत नाहीत. जाहिरातीत पानांचे गुण सांगून तेल विकतात तेव्हा ही गफलत होते. पानांच्या अभ्यासाचं श्रेय तेलाला देऊ नये, आणि तेलाचे धोके पानांवर लादू नयेत. भाजीत-सूपमध्ये पानं घालणं यात भिण्यासारखं काही नाही.

तुम्हाला लावायचंच असेल तर मी कसं करायला सांगते ते लिहिते. 30 मिलिलिटर साध्या तेलात रोजमेरीचे 6 थेंब. हे साधारण 1 टक्का होतं. माणसांची टाळू धट्टीकट्टी असली तर मी 2 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 12 थेंबांपर्यंत जाते, त्यापुढे नाही. तुम्ही अंगावर पाजताय, म्हणून तुमच्यासाठी 1 टक्काच. थेंब मोजताना बाटली तिरकी धरून घाई करू नका, कारण थेंबाचा आकार बुचाप्रमाणे बदलतो. 1 मिलिलिटरमध्ये कधी 20 थेंब भरतात, कधी 30. हे मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावा आणि दोन-तीन दिवस थांबा. तिथे लाल झालं, खाज आली, पुरळ आलं तर टाळूवर नको. ॲलर्जी लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनीही उठते, म्हणून ‘पाच मिनिटांत काही झालं नाही’ याला चाचणी म्हणत नाहीत. पुदिना, तुळस, लॅव्हेंडर, सेज यांतल्या कशाची तुमच्या त्वचेला ॲलर्जी असेल तर जास्त सांभाळा, ही सगळी रोजमेरीच्याच कुळातली आहेत.

आणि आता रात्रभर ठेवण्याबद्दल. तुमचं बाळ तुमच्या खांद्यावर मान टाकून झोपत असणार. त्याचं नाक तुमच्या केसांपासून बोटभर अंतरावर असतं, आणि पाच महिन्यांचं मूल हाताला लागेल ते केस मुठीत धरून तोंडात घालतं. म्हणजे तुम्ही तेल तुमच्या टाळूला लावलंत, पण त्यातलं काही बाळाच्या श्वासात आणि तोंडात जाणार. म्हणून रात्री अजिबात नको. दिवसा बाळ दुसऱ्या कुणाकडे असताना लावा, अर्धा-पाऊण तास ठेवा, शाम्पूनं नीट धुवा, हात साबणानं धुवा आणि मगच बाळाला जवळ घ्या. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे. छातीला, गळ्याला हे तेल लागू देऊ नका. आठ तास ठेवल्यानं अर्ध्या तासापेक्षा जास्त केस येतात असा काही पुरावा नाही. उलट टाळू चिकट राहते, कोंडा असणाऱ्यांचा कोंडा वाढतो. बाळ दुसरीकडे नसतंच, सगळं तुमच्यावरच आहे, अशी परिस्थिती असेल तर हा सगळा खटाटोप वर्षभर बाजूला ठेवा. नुकसान काही होणार नाही. मिनॉक्सिडिलचा विचार मनात आला तर तोही अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि पुढच्या वेळी गरोदर राहिलात तर ही बाटली तेवढे महिने बंद ठेवा, त्या काळातल्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती उपलब्ध नाही.

सासूबाईंचं उत्तर स्पष्टच आहे. फिट येण्याचा इतिहास असेल आणि गोळ्या चालू असतील तर रोजमेरीचं इसेन्शियल ऑइल त्यांच्यासाठी वर्ज्य. कापूर आणि सिनिओल या दोन्हींमुळे आकडी येऊ शकते हे जुनं ज्ञान आहे, आणि 1999 मध्ये न्यूरॉलॉजीच्या एका नियतकालिकात आकडीशी संबंध असलेल्या 11 वनस्पतींच्या तेलांची यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात निलगिरी आणि सेजच्या बरोबरीनं रोजमेरी आहे. गोळ्यांनी अनेक वर्षं फिट आली नाही म्हणजे फिट न येऊ देण्याची मेंदूची क्षमता इतरांएवढी झाली असं नाही. गुडघ्याला पातळ करून थोडंसं लावलं तर बहुधा काही होणार नाही, असंही कुणी म्हणेल, आणि त्वचेतून फार थोडं आत जातं हे खरंही आहे. पण वेदना कमी करायला दुसरे बरेच मार्ग असताना मी हा धोका घेत नाही. गरम शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, डॉक्टरांनी दिलेलं मलम, यांतलं काहीही चालेल. मलम घेताना त्यावरही कापूर किंवा निलगिरी लिहिलंय का ते बघा. बऱ्याच वेदनाशामक बामांत दोन्ही असतात, आणि तुमच्या घरात ती गोष्ट रोजमेरीइतकीच लक्षात ठेवायला हवी. त्यांच्या खोलीत डिफ्यूझरही लावू नका.

पाण्यात दोन थेंब टाकून पिणं मात्र घरातल्या कुणीच करू नये, अगदी ठणठणीत माणसानंही. तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं आणि पहिल्याच घोटाबरोबर न पातळ झालेलं तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या अस्तराला लागतं. युरोपियन नियामक संस्थेच्या कागदपत्रांत रोजमेरीच्या पानांचा चहा अपचन आणि पोटातल्या हलक्या मुरड्यासाठी पारंपरिक उपाय म्हणून मान्य आहे. इसेन्शियल ऑइल मात्र तिथे फक्त बाहेरून वापरायला आहे: स्नायू आणि सांध्यांच्या किरकोळ दुखण्यासाठी, त्वचेवर किंवा आंघोळीच्या पाण्यात. हा फरक त्यांनी उगाच ठेवलेला नाही. ‘पारंपरिक वापर’ या शब्दांचा अर्थही समजून घ्या. निदान 30 वर्षं लोक वापरत आलेत आणि त्यात मोठं नुकसान दिसलं नाही, एवढंच त्यातून कळतं. परिणामकारकता चाचण्यांनी सिद्ध झाली असा दावा त्यात नसतो. पानांचा चहासुद्धा पित्ताचे खडे, पित्तनलिकेचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सासूबाईंचे गॅसेस जुने असतील तर औषध शोधण्याआधी त्याचं कारण शोधा.

नवऱ्याच्या मानेबद्दल मला काळजी नाही. त्यांना फिट, दमा किंवा त्वचेची ॲलर्जी नसेल तर 30 मिलिलिटर तेलात 12 थेंब घालून आखडलेल्या भागावर चोळायला हरकत नाही. ऊब येते, हात फिरतो, स्नायू सैल होतो. यातलं किती तेलामुळे आणि किती चोळण्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. आंघोळीच्या पाण्यात घालायचं असेल तर थेंब आधी थोड्या साध्या तेलात मिसळा, नाहीतर ते तवंगासारखं त्वचेला चिकटून भाजल्यासारखं होतं. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना आणि बाळाला हात लावू नये. मान दुखून हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल तर चोळत बसू नका, तपासून घ्या.

वासानं स्मरणशक्ती वाढते का, हेही तुम्ही जाता जाता विचारलंय. इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठात यावर काम झालंय. 2003 च्या अभ्यासात 144 जणांपैकी रोजमेरीच्या वासाच्या खोलीत बसलेल्यांच्या स्मरणाच्या चाचण्या थोड्या सरस निघाल्या, पण त्यांचा वेग मंदावला होता. 2012 मध्ये 20 जणांच्या रक्तातलं सिनिओल मोजून त्याचा कामगिरीशी संबंध दाखवला गेला. फरक लहान आहेत, माणसं कमी आहेत, आणि वास लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणं अवघड. पण मला यातलं एक वाक्य महत्त्वाचं वाटतं: नुसता वास घेतल्यानं सिनिओल रक्तात पोचतं. म्हणजे डिफ्यूझर म्हणजे नुसता सुगंध, त्यानं काय होणार, असं समजायचं कारण नाही. अभ्यास करणाऱ्या मोठ्या माणसानं दार किंचित उघडं ठेवून तीन-चार थेंब, अर्धा तास, एवढं ठीक आहे. दम्याच्या माणसाच्या खोलीत नको. घरात मांजर असेल तर त्या खोलीत नकोच, मांजराचं यकृत असे घटक नीट निकामी करू शकत नाही. गरम पाण्याच्या भांड्यात थेंब टाकून डोक्यावर टॉवेल घेणं मी कुणालाच सुचवत नाही, डोळे जळतात आणि भांडं उलटून भाजतं.

बाटली ठेवायची कशी तेही यातच सांगते. पाइनिनसारखे घटक हवेशी संयोग पावले की त्यांची अशी द्रव्यं बनतात जी त्वचेला जास्त ॲलर्जी देतात. म्हणजे जुनं झालेलं तेल नुसतं ‘फिकं’ होत नाही, ते जास्त त्रासदायक होतं. झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी, उघडल्याची तारीख बाटलीवर लिहिलेली. वर्ष-दीड वर्षानंतर त्वचेला लावू नका. वास टर्पेंटाइनसारखा तिखट यायला लागला तर त्याआधीच टाकून द्या. हे तेल पेट घेतं, त्यामुळे दिव्याजवळ, गॅसजवळ नको. आणि कुलपाच्या कपाटात, कारण बाळ काही महिन्यांत धरून उभं राहायला लागेल.

कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका. उलटी होताना तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुफ्फुसांना सूज येते आणि तो धोका पोटातल्या तेलाएवढाच मोठा असतो. मीठाचं पाणी, दूध, तेल, काही पाजू नका. विषबाधा केंद्राला फोन करा, मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा आणि बाटली बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना किती गेलं आणि कशाचं, हे कळेल. डोळ्यात गेलं तर भरपूर साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. त्वचेवर जळजळ झाली तर आधी साध्या तेलानं पुसून घ्या, मग साबणानं धुवा.

तुमच्याबाबतीत माझा क्रम असा राहील: तपासण्या आधी, तेल नंतर. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएचचे आकडे आले की इथेच लिहा. केस कुठून विरळ होतायत तेही कळवा, सगळीकडून सारखे की भांगाच्या रेषेत, आणि तुमच्या बाटलीच्या लेबलवर शास्त्रीय नाव आहे का तेही. त्यावरून तुमच्यासाठी 1 टक्क्याचं मिश्रण करून बघायचं की सध्या काहीच लावायचं नाही, ते सांगते.